कॉक बंद होता, तरी पाणी चढत होतं

या सदरातले अनुभव मी गेली कितीतरी वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला नाही, खोड्या काढायला. कुणी लिहिलं की भिंतीतून कण्हण्याचा आवाज येत होता, की मी मनात म्हणायचे, पाइपमधली हवा. कुणाला गच्चीत पांढरी आकृती दिसली... वाळत घातलेलं धोतर. नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी मेंटेनन्सची. पंप का बंद पडला, व्हॉल्व्ह का गळतोय, हे शोधून काढायचा मला पगार मिळतो, आणि आजवर एकही पंप ‘असाच’ बंद पडलेला मी पाहिलेला नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे. तुम्ही हसलात तरी चालेल, तुमच्या जागी मीही हसलेच असते.

आम्ही मूळचे कऱ्हाडचे. सुहासच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नोकरीमुळे म्हैसूरला आलो आणि मग मलाही इथे हेब्बाळच्या एका कारखान्यात काम मिळालं. सरस्वतीपुरममध्ये एका दुमजली घरात खाली आम्ही राहतो, वर घरमालक. मागे अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीला लागून जुनं न्हाणीघर. विहीर अजून जिवंत आहे. रहाट आहे, दोर आहे, आतल्या दगडांवर ते नाजूक काळ्या काड्यांचं नेचं उगवलेलं आहे. पण ते पाणी फक्त झाडांना आणि सणावाराला. आमच्या नळाला येतं ते कावेरीचं, शुद्ध करून सोडलेलं, औषधाचा वास असलेलं पाणी. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझं सगळं घोडं तिथेच अडलंय.

घरमालकांना आम्ही मामा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला कमलाक्का. ही माणसं मराठीच, पण आमच्यासारखी नोकरीसाठी आलेली नव्हेत. त्यांचे पूर्वज कधीतरी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, त्यात निम्मं कानडी. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मामांनी विचारलं, “जेवण झालं काय मत्ते?” आणि मी या मत्तेबाई कोण म्हणून मागे वळून पाहिलं होतं. मत्ते म्हणजे कानडीत ‘मग’, हे नंतर कळलं. मामा सरकारी बसवर ड्रायव्हर होते. उभी हयात म्हैसूर-हुणसूर, हुणसूर-म्हैसूर. निवृत्त झाले तरी बोलणं तसंच, “चला चला, पुढं सरका,” असं. दारात कुणी रेंगाळलं की त्यांना सहन होत नसे.

ही गोष्ट गेल्याच्या गेल्या दिवाळीतली. दिवाळीच्या तोंडावर मामा अंगणात कोसळले. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं, शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी कमलाक्कांना आणि त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन, मनाची तयारी ठेवा, असं सांगितलं होतं. दोघी आलटून पालटून तिथे बसायच्या. वरचा मजला दिवसदिवस बंद. मला मामांचा फार लळा होता. वरून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला नाही की माझी सकाळ सुरू झाल्यासारखी वाटायची नाही.

सुहास पुण्याला कामासाठी गेला होता, दिवाळीच्या पहाटे पोचणार होता. घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्या दिवाळीसाठी कऱ्हाडहून आल्या होत्या. आईंबद्दल दोन गोष्टी सांगते. एक, त्यांचं डिशवॉशरशी जमत नाही... म्हणजे त्या त्याला फारच जपतात. भांडी आधी घासून, विसळून मग आत लावतात. विचारलं तर म्हणतात, “खरकटं कसं घालू? घरातलंच आहे ना ते पण?” दुसरी गोष्ट म्हणजे शिळं पाणी. काल भरलेलं पाणी त्यांना आज चालत नाही. सकाळी उठल्या की माठ, कळशी, तांब्या, सगळं झाडांना. आपल्याकडे बहुतेक घरांत हे असतंच, पण आईंचं जरा जास्त आहे. एकदा माझी गरम पाण्याची पिशवीसुद्धा त्यांनी ओतून दिली होती.

तर त्या दिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मला सुट्टी होती. आई अंगण झाडायला गेल्या. न्हाणीघराचं दार लोटून पाहिलं तर आत तांब्याचा मोठा हंडा काठोकाठ भरलेला. घरातली माणसं इतके दिवस दवाखान्यात, म्हणजे पाणी तेव्हापासूनचं असणार. त्यात डेंगीचे दिवस. आईंनी हंडा कलंडून सगळं पाणी केळीच्या आळ्यात सोडलं, चिंच लावून तो लखलखीत घासला आणि पालथा घातला. आत येऊन म्हणाल्या, “कमलाबाई दमून येतील गं. सणाचं एक काम तरी कमी.” मी चकल्या तळत होते. म्हटलं, “बरं केलंत.”

दुपारी तेलकट भांडी, सोऱ्या, झारे, सगळं मशीनमध्ये लावलं. आईंनी अर्थात आधी धुतलं होतं. मशीन चालू केलं आणि आम्ही जेवायला बसलो. थोड्या वेळात माझे कान टवकारले. पाणी आत येण्याचा आवाज थांबत नव्हता. एरवी थोडं भरतं, थांबतं, मग आतला फवारा फिरायला लागतो. हे भरतच होतं. उठून पाहते तर दाराच्या खालच्या कडेनं पाण्याची रेघ फरशीवर उतरली होती.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. डिशवॉशर जास्त भरण्याची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी प्लग काढला, दार उघडलं, मगानं आणि स्पंजनं पाणी उपसलं. खालची जाळी काढून धुतली. कोपऱ्यात एक छोटा तरंगता बोंडासारखा भाग असतो, पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि मशीनला कळतं की आता पुरे. तो अडकला की मशीन भरतच राहतं. त्याच्याखाली मोहरीचे दाणे सापडले. मी खूश. आईंना म्हटलंसुद्धा, “बघा, फोडणीची मोहरी.” त्या म्हणाल्या, “मी धुतलेल्या भांड्यात मोहरी?” आणि रुसून झोपायला गेल्या.

मी परत खाली वाकून पाहिलं. तळाशी पाणी होतं. मघाशी तर मी स्पंजनं टिपून कोरडं केलं होतं.

आता प्लग भिंतीत नव्हता. वीज नसताना पाणी चढतंय म्हणजे दोष त्या बोंडाचा नाही, आत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्यातला रबरी पडदा झिजला की तो पूर्ण मिटत नाही. बरं, हरकत नाही. सिंकखाली हात घालून मी कॉक बंद केला, अगदी घट्ट. पाणी पुन्हा उपसलं. चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मशीनच्या तळाशी पाणी परत आलं होतं.

कॉकही गळत असेल. म्हणून मी पाण्याची नळीच काढली आणि तिचं तोंड बादलीत सोडलं. बादली कोरडी राहिली. उरली सांडपाण्याची नळी. कधी कधी सिंकमधलं पाणी तिच्यातून उलटं येतं. तीही काढून ओट्यावर उंच बांधली. आता त्या मशीनला भिंतीशी जोडणारं काहीच राहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात ठेवलेलं एक उघडं पत्र्याचं कपाट, बस.

आणि पाणी चढत होतं.

इथून पुढचं नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. मी फरशीवर मांडी घालून मशीनसमोर बसले. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. दुपार कलली होती, खिडकीतून तिरपं ऊन येऊन पाण्यावर पडत होतं आणि छतावर त्याची जाळी हलत होती. वरून कुठूनही धार पडत नव्हती. पाणी तळातून, आवाज न करता, दम खात खात वर येत होतं. थोडं चढायचं... थांबायचं... परत थोडं चढायचं. बघता बघता माझा श्वास त्याच्या लयीत पडला. बाहेर कुणी फटाका उडवला तोही लांबून, कापसातून आल्यासारखा ऐकू आला. मला कारखाना आठवला नाही, ओली फरशी आठवली नाही. लहानपणी ताप उतरताना जसं सगळं हलकं आणि लांब वाटतं, तसं वाटत होतं. किती वेळ बसले होते, मी पाहिलं नाही.

भानावर आले ती वासानं. दगडाचा, शेवाळाचा गार वास. आपल्या नळाच्या पाण्याला तो नसतो. मी हात घातला, पाणी इतकं थंड की बोटं आखडली. आणि कडेला एक हिरवं पान तरंगत होतं. काळ्या काडीचं, नखाएवढं, नेच्याचं. मी ते उचलून तळहातावर ठेवलं आणि खिडकीतून विहिरीकडे पाहिलं. मग मनाला समजावलं, आईंच्या हाताला चिकटून आलं असेल.

दिवेलागणीच्या आधी कमलाक्का आल्या. मुलीला दवाखान्यात बसवून आल्या होत्या. हातात फुलांची पुडी आणि कसल्याशा रानवेलीचं गुंडाळलेलं वेटोळं. माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे काही फरक नाही, आणि सरळ न्हाणीघराकडे गेल्या.

बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत म्हणून मी आणि आई गेलो. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. वेल मांडीवर.

“हे कोणी पालथं घातलं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“मी,” आई म्हणाल्या. “पाणी शिळं होतं हो. म्हटलं, घासून ठेवावा.”

“शिळं नव्हतं, अक्का. आज फाटे उठून काढलं मी. दवाखान्याला जायच्या आधी.” त्या आमच्याकडे न बघता बोलत होत्या. “आज नीर तुंबो हब्ब. पाणी भरायचा सण. तुमच्याकडे नसतोय काय? हंडे घासायचं, भरायचं, संध्याकाळी वेल बांधून पूजा करायची. उद्या त्याच पाण्यानं न्हायचं. दरवर्षी आमचे हेच भरतात. मला दोराला हात लावू देत नाहीत. या वर्षी मी भरलं, त्यांच्या नावानं. म्हटलं, भरलेलं हंडे घरात हाय म्हटल्यावर माणूस न्हायला येतंय.”

“मग परत भरू या ना,” मी म्हणाले. “मी काढते पाणी.”

“तसं आगल्ला, चालत नाही, मंजिरी. एका सणाला एकदाच काढायचं. ज्याच्या नावानं भरलं ते न्हायच्या आधी ओतलं, म्हणजे...” पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

आईंचा चेहरा मला बघवेना. त्या बाईनं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. मदत म्हणून केलं आणि झालं हे. ‘असं काही नसतं’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, आयुष्यभर हेच तर म्हणत आले. पण त्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईला ते सांगायला जीभ उचलेना. मला रडू येत होतं आणि कुणाचा तरी रागही येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं.

आई आत निघून गेल्या. त्यांना एकटं सोडू नये म्हणून मी मागोमाग गेले. त्या स्वयंपाकघरात मशीनसमोर उभ्या होत्या. ते पुन्हा भरलं होतं, दाराच्या कडेपर्यंत. दुपारभर त्या झोपलेल्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी वाकून ओंजळ भरली, वास घेतला आणि ओट्यावरची कळशी उचलली.

“आई, मशीनचं पाणी आहे ते. साबण असेल त्यात.”

“साबण कुठाय? विहिरीचं पाणी आहे हे.” आणि कळशी बुडवून भरली, न्हाणीघरात कमलाक्कांपुढे नेऊन ठेवली.

कमलाक्कांनी कळशीत बोटं घालून जिभेला लावली. मग आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “आमच्या विहिरीचं पाणी हे. काढलं कोणी?”

“कुणीच नाही,” आई म्हणाल्या. “मशीनमध्ये आहे.”

कमलाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनची माहिती मला, उत्तर मीच द्यायचं. मी सांगितलं की नळ्या काढलेल्या आहेत, वीज बंद आहे, पाणी कुठून येतंय मला माहीत नाही. मशीनबद्दल असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

कमलाक्का उठल्या, हंडा सरळ केला आणि चुलाण्यावर ठेवला. “आपण काढलं नाही म्हणजे दोनदा काढलं असं होत नाही,” म्हणाल्या. “आणा.”

मग आम्ही तिघी बायका ते पाणी वाहत राहिलो. आई कळशी भरायच्या, मी अंगणापर्यंत न्यायचे, कमलाक्का ओतायच्या. दर वेळी परत येऊन बघावं तर मशीनमधलं पाणी होतं तेवढंच, कडेपर्यंत. एवढासा डबा तो, पण हंडा भरत आला तरी त्याची पातळी उतरेना. आकाश केशरी झालं होतं, शेजारच्या घरांतून पणत्या लागत होत्या, आणि माझ्या पायाखालची जमीन मला जाणवत नव्हती. थकवा नाही, घाई नाही... हे असंच चालू राहावं असं वाटत होतं.

हंड्याच्या गळ्यापर्यंत पाणी आलं आणि काठावरून एक थेंब ओघळला. कमलाक्का म्हणाल्या, “साकु. पुरे.” मी रिकामी कळशी घेऊन आत आले. मशीन कोरडं होतं. तळाशी ओलसुद्धा नव्हती.

कमलाक्कांनी हंड्याला वेल बांधली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. निरांजन ओवाळत असतानाच त्यांचा फोन वाजला. त्यांनी मला खूण केली, मीच घेतला. मुलगी होती. घाईघाईनं बोलत होती, पण आवाज रडका नव्हता. म्हणाली, अप्पा दुपारपासून दोन्ही हात सारखे वर-खाली करत होते, काहीतरी ओढल्यासारखे. नर्सनी नळ्या निघतील म्हणून हात बांधायला घेतले होते. आत्ता एकदम शांत झाले आणि डोळे उघडले. माझ्याकडे बघतायत.

मी कमलाक्कांना सांगितलं. त्यांनी निरांजन आधी नीट खाली ठेवलं आणि मग रडल्या.

मामांना घरी यायला बरेच दिवस लागले. तोवर त्या हंड्याला कुणी हात लावला नाही. म्हणजे आईंनी लावू दिला नाही. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, कऱ्हाडचं तिकीट रद्द केलं, आणि शिळ्या पाण्याच्या नावानं आयुष्यभर माठ उपसणारी ही बाई न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून निवडणटिपण करत बसायची. पाणी मी अधूनमधून बघत होते. डास नाही, बुळबुळ नाही, वास नाही.

मामा आले. उजवा पाय ओढत होते, बोलणं जड झालं होतं, पण आले. चुलाण्यात लाकडं घालून त्याच पाण्यानं त्यांना न्हाऊ घातलं. नंतर अंगणात उन्हाला बसवलं. आम्ही सगळ्या भोवती. त्यांनी एकेक शब्द जुळवत विचारलं, “सणादिवशी हंडे ओतलं कोणी?”

त्यांना हे कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्या मुलीकडे पाहिलं, तिलाही नवल वाटलं होतं. आईंनी मान खाली घालून सांगितलं, “मी ओतलं. चुकून झालं हो.”

मामांनी आईंकडे मान वळवली. मग म्हणाले... त्यांच्या अडखळत्या बोलण्यातून मला कळलं तसं लिहिते.

“मी विहिरीवर होतो. हंडे भरलेलं दिसलं. काम झालं, अष्टे, एवढंच. दोर गुंडाळला. गेटात बस उभी होती, इंजिन चालू. आतली माणसं हात करत होती, या या म्हणून. ओळखीची माणसं, किती वर्षांची. मी निघालो. पायरीवर पाय ठेवला आणि सुम्ने, उगीच, मागं बघितलं, तर हंडे रिकामं. मला राग आला. आत्ताच भरलं होतं ना? सणाचं हंडे रिकामं टाकून कसं जायचं? ड्रायव्हरला म्हटलं, स्वल्प थांब. परत दोर सोडला. काढतोय, ओततोय, काढतोय, ओततोय... भरतच नव्हतं. ते हॉर्न मारायला लागले. मी म्हटलं, अरे थांबा की. शेवटाला भरलं. वळून बघितलं, तर बस गेलेली.”

आणि आईंना म्हणाले, “तुमी ओतलं नसतं, अक्का, तर मी बसलो असतो त्यात.”

कमलाक्का आईंच्या पाया पडायला वाकल्या. आईंनी त्यांना मध्येच धरलं. दोघी एकमेकींना धरून तशाच उभ्या राहिल्या. मी आत गेले, कारण मला माझंच रडणं दाखवायचं नव्हतं.

त्या मशीनचं सांगायचं राहिलं. मी व्हॉल्व्ह काढून कारखान्यात नेला. वीज दिली की उघडत होता, काढली की मिटत होता, दाबाखाली ठेवला तरी एक थेंब गळला नाही. तरी नवा बसवला. मशीन आजही चालू आहे आणि हवं तेवढंच पाणी घेतं. मोहरी, झिजलेला पडदा, उलटं आलेलं सांडपाणी, आईंच्या हाताला चिकटलेलं पान... माझ्याकडची सगळी कारणं मी लावून पाहिली. प्रत्येक कारण थोडं पुढे जातं आणि नळ्या काढल्या तिथे थांबतं. त्या पुढचं मला सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला येत असेल तर खरंच कळवा.

आई परत जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांची बॅग भरत होते. त्या कॉटवर बसून खिडकीबाहेर बघत होत्या. मामा अंगणात काठी टेकत फेऱ्या मारत होते. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, “मंजू, ह्यांच्या वेळी मी सगळं करून टाकत होते गं.”

माझे सासरे कऱ्हाडच्या दवाखान्यात वारले, काही वर्षांपूर्वी.

“रोज विचारायचे. गच्चीचा पत्रा बसवला का? टाकी धुतली का? आंब्याला आळं केलं का? त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून मी धावत घरी जायचे, कुणाकुणाला धरून ते काम करून घ्यायचे, आणि संध्याकाळी सांगायचे, झालं हो, सगळं झालं, तुम्ही निवांत पडा. शेवटच्या दिवशीही तेच सांगितलं. हसले. बरं म्हणाले.” त्यांनी परत मामांकडे पाहिलं. “एखादं काम बाकी ठेवायला हवं होतं गं मी.”

बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचले होते, डॉक्टरांशी मीच बोलले होते. काय झालं आणि का झालं, हे मला अगदी नीट माहीत होतं. पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे त्यांना समजावून सांगितलं असतं. या वेळी हातातली साडी बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.